सिलोनचे गोवेकर पाद्री

१६५८ साली डचांनी जाफनाचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि त्याच वर्षी फर्मान काढले की कॅथलिक पाद्र्याला जो कोणी आसरा देईल त्याला देहांताची शिक्षा होईल. कोलंबो दोन वर्षे आधीच, १६५६ मध्ये पडले होते. सिलोनचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, जवळजवळ सगळा किनारा आता डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला होता. या कंपनीला दालचिनीचा मक्ता हवा होता, आणि रयत आपल्या सुधारित प्रोटेस्टंट पंथाची असावी असेही वाटत होते. पोर्तुगीज पाद्री हाकलले गेले. चर्चमधल्या मूर्ती आणि वेदी हलवून तिथे डच धर्मोपदेशकांची प्रवचने सुरू झाली. गावोगावच्या शाळा चर्चलाच जोडल्या. बाप्तिस्मा आणि लग्न डच चर्चच्या वहीत नोंदलेले नसेल, तर वारसा सांगताना अडचण यायची आणि कंपनीची चाकरी मिळायची नाही.

ज्यांच्यावर हे ओढवले ते बहुतेक साधे लोक होते. पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी, मन्नारच्या आखातातले मोती काढणारे पाणबुडे, जाफनाच्या द्वीपकल्पातले तमिळ शेतकरी. पेरेरा, सिल्व्हा, फर्नांडो अशी आडनावे लावणारी, पण घरात तमिळ किंवा सिंहली बोलणारी ही माणसे होती. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी पोर्तुगीज अमदानीत धर्म बदललेला.

तो धर्म बेटावर कसा आला हेही लपवण्याचे कारण नाही. पोर्तुगीज १५०५ मध्ये सिलोनला लागले, फ्रान्सिस्कन १५४३ मध्ये आले. १५५७ मध्ये कोट्टेचा राजा धर्मपाल याने बाप्तिस्मा घेतला आणि १५८० मध्ये आपले राज्यच पोर्तुगालच्या राजाच्या नावे लिहून दिले. १६२०च्या दशकात नल्लूरचे कंदस्वामी मंदिर आणि त्रिंकोमालीचे कोणेश्वर पोर्तुगीज सरदारांनी जमीनदोस्त केले. श्रद्धेने ख्रिस्ती झालेलेही होते. १५४४ मध्ये मन्नारला कोळ्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून जाफनाच्या राजाने शेकडोंची कत्तल केली, आणि त्यांच्या मागे तेव्हा कुठलीही फौज उभी नव्हती. तरीही एकंदर चित्र असेच होते की क्रूस तोफेच्या सावलीत आला आणि तोफ गेल्यावर तो टिकेल असे कोणालाच वाटत नव्हते. डचांचा तर हाच हिशेब होता. मोठी माणसे मरतील, मुले आपल्या शाळेत शिकतील, प्रश्न एका पिढीत मिटेल.

हा हिशेब चुकला. का चुकला, याची गोष्ट मुख्यतः गोव्याच्या साष्टी आणि तिसवाडीतल्या माणसांची आहे, आणि गोव्याच्या इतिहासात ती जितकी सांगायला हवी तितकी सांगितली जात नाही.

पहिला प्रतिकार बेटावरच्या लोकांनीच केला. मांतई गावच्या कॅथलिकांनी आपल्या चर्चमधली मारियामातेची मूर्ती १६७०च्या सुमाराला उचलली आणि वन्नीच्या दाट रानात मधू या जागी नेऊन ठेवली. तिथे डचांचे राज्य पोचत नव्हते. जाफनाकडून पळालेली कुटुंबेही तिथेच जमली. मधूची यात्रा आज श्रीलंकेतली सर्वांत मोठी ख्रिस्ती यात्रा आहे, आणि तिला तमिळ व सिंहली दोघेही येतात. काही कुटुंबे घाट चढून कँडीच्या राज्यात गेली. तिथला राजा दुसरा राजसिंह याने पोर्तुगीजांना घालवण्यासाठी डचांना बोलावले होते आणि मग डचच उरावर बसलेले पाहिले होते. त्याने या निर्वासितांना वाहकोट्टे, रुवनवेल्ला अशा गावांत वसू दिले. किनाऱ्यावर मात्र जवळजवळ तीस वर्षे मिस्सा सांगायला, पापनिवेदन ऐकायला कोणी नव्हते. मरणाऱ्याच्या उशाशी घरातलेच कोणी जपमाळ घेऊन बसायचे.

ही बातमी गोव्यात एका तरुण पाद्र्याच्या कानी गेली. जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला झाला. वडिलांचे घर सांकवाळचे, जात ब्राह्मण, धर्म कॅथलिक. त्या काळच्या साष्टीत असे म्हणण्यात कोणाला विसंगती वाटत नसे. साष्टीतली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात ठाण मांडून होते. वाझ जन्मले तेव्हा या घटनांना शंभर वर्षेही झाली नव्हती. त्याच साष्टीत, राशोलला, इंग्रज जेजुइट थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे जोरजुलमाची आठवण आणि आपल्या भाषेत ओवीबद्ध ख्रिस्तकथा, दोन्ही एकाच मातीत होती. वाझ यांच्यासारखी माणसे या दोन्हींतून घडली, असे मला वाटते. ज्यांच्या पूर्वजांवर धर्म लादला गेला असेल त्यांच्याच पणतवंडांनी तो इतका मनापासून स्वीकारावा की त्यासाठी देहदंडाच्या मुलखात अनवाणी जावे, हे समजून घ्यायला एका बाजूचा इतिहास पुरत नाही.

वाझ १६७६ मध्ये पाद्री झाले, पण पुढे वाट नव्हती. युरोपीय धर्मसंघ गोवेकरांना आपल्यात घेत नसत. फ्रान्सिस्कन, जेजुइट, डोमिनिकन या सगळ्यांची दारे काळ्या कातडीला बंद होती. दिवाडीच्या मातेउस द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपने पाद्री करायलाच नकार दिला, म्हणून ते थेट रोमला गेले आणि १६३७ मध्ये बिशप होऊन परतले. पोर्तुगीजांनी त्यांना आयुष्यभर त्रास दिला. त्यांनी डिचोलीला, आदिलशाही हद्दीत, ठाणे केले. वाझ यांना आधीच्या पायरीची, डीकनपदाची दीक्षा दिली ती कास्त्रोंच्याच जागी आलेल्या कुस्तोदियु द पिन्यु या गोवेकर बिशपने. चर्चमध्ये गोऱ्यांची आणि देशी लोकांची ही जी ओढाताण चालली होती, तीच वाझ यांची शाळा ठरली.

१६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात, केळदीच्या राणी चेन्नम्माच्या राज्यात पाठवले गेले. मंगळूर, बसरूर, कुंदापूर, गंगोळी या भागांत गोव्यातून स्थलांतरित झालेले ख्रिस्ती विखुरलेले होते, आणि त्यांच्यावर अधिकार कोणाचा यावरून पोर्तुगालचा पाद्रोआदो, म्हणजे पोर्तुगीज राजाचा चर्चवरचा हक्क, आणि रोमची प्रोपगांडा ही धर्मप्रसार संस्था यांच्यात भांडण पेटले होते. वाझ यांनी वाद मिटवायचा प्रयत्न केला आणि त्यातला वेळ काढून ते खेड्यापाड्यांत हिंडले. १६८४ मध्ये ते परत आले तेव्हा गोवा हादरलेला होता. १६८३च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या होत्या आणि व्हाइसरॉयने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवपेटीवर ठेवून त्याला साकडे घातले होते. वाझ यांच्या गावाकडची माणसे त्या धामधुमीतून नुकतीच सावरत होती.

पुढच्याच वर्षी ते जुन्या गोव्यातल्या क्रूस द मिलाग्रिशच्या टेकडीवरच्या पाद्र्यांना जाऊन मिळाले. संत फिलिप नेरींच्या ओरेटरीचा नमुना त्यांनी घेतला. त्यात व्रते नसतात, प्रांताधिकारी नसतो. पाद्री एकत्र राहतात, प्रार्थना आणि काम एकत्र करतात, इतकेच. युरोपीय संघांच्या परवानगीची गरज नसलेला हा एकमेव मार्ग देशी पाद्र्यांना उघडा होता आणि तो त्यांनी अचूक हेरला. वाझ त्यांचे प्रमुख झाले. एक गोष्ट मात्र इथे सांगायलाच हवी. या मठात फक्त ब्राह्मण ख्रिस्ती घेतले जात. गोऱ्यांनी ज्या भेदाचा त्यांना चटका दिला होता तोच भेद त्यांनी चारडो या दुसऱ्या ख्रिस्ती जातीसाठी आणि इतरांसाठी आपल्या दारात ठेवला. जाफनाच्या कोळ्याच्या झोपडीत जमिनीवर निजणाऱ्या पाद्र्यांच्या मठात गावचा चारडो येऊ शकत नव्हता, हे दुःख देणारे आहे, आणि त्यांच्या धैर्याचे वर्णन करताना ते वगळू नये.

सिलोनला युरोपीय पाद्री पाठवणे शक्यच नव्हते, तो बंदरातच पकडला गेला असता. गोवेकर मात्र हमाल म्हणून, भिकारी म्हणून खपून गेला असता. १६८६ मध्ये वाझ यांनी प्रमुखपद सोडले आणि ते सोबत्यांसह व जुआंव नावाच्या सेवकासह दक्षिणेला निघाले. किनाऱ्याकिनाऱ्याने, बरेचसे पायी, तमिळ शिकत शिकत तुतिकोरिनपर्यंत. तिथेही डचच होते. तिथून पुढे फक्त वाझ आणि जुआंव होडीत बसले. १६८७ मध्ये ते जाफनाला उतरले तेव्हा वाझ यांना आमांशाने इतके घेरले होते की उभे राहवत नव्हते. रोग पसरेल म्हणून लोकांनी त्यांना वस्तीबाहेर काढले आणि एका बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले, असे चरित्रकार सांगतात.

बरे झाल्यावर ते जाफनाच्या गल्ल्यांत भीक मागू लागले. गळ्यात जपमाळ. वरून पाहणाऱ्याला एखादा गोसावी माळ घालून हिंडतोय असे वाटावे, पण ज्या घरात अजून जपमाळ लपवलेली होती तिथली नजर त्या मण्यांवर थबकत असे. पहिल्यांदा कोणीतरी विश्वास टाकला, चाचपून पाहिले, मग दुसऱ्याला सांगितले. महिन्याभरात सिल्लालई गाव त्यांचे ठिकाण झाले. दिवसा निजायचे, रात्री मिस्सा, बाप्तिस्मे, लग्ने, तीस वर्षांचे साठलेले पापनिवेदन, आणि उजाडण्याआधी दुसरे गाव.

दोन वर्षांत डचांना वास लागलाच. १६८९च्या नाताळात त्यांनी छापा घातला. शेकडो माणसे पकडली गेली, पुढाऱ्यांना फटके मारले गेले, काहींना बेड्या घालून किल्ल्याच्या कामावर जुंपले. डॉन पेद्रो नावाचा एकजण प्रोटेस्टंट चर्च सोडून कॅथलिक झाला होता, तो फटक्यांनीच मेला. पाद्री मात्र सापडला नाही आणि कोणी त्याचा ठावठिकाणाही सांगितला नाही. गल्लीत भीक मागत आलेल्या एका परक्या माणसासाठी लोकांनी पाठी फोडून घेतल्या, या एका गोष्टीवरूनच त्या वर्षादोनवर्षांत काय घडले असेल ते कळते.

वाझ तिथून निसटून पुत्तलमला गेले. ते बंदर कँडीच्या राजाचे होते. १६८७ मध्ये राजसिंह वारला होता आणि त्याचा मुलगा दुसरा विमलधर्मसूर्य गादीवर होता. १६९२ मध्ये वाझ कँडीच्या वाटेला लागले. शहराजवळच त्यांना अडवून कैद केले गेले. दरबारात लानेरोल नावाचा एक फ्रेंच कॅल्व्हिनपंथी होता. १६७२ मध्ये फ्रेंच आरमाराचा वकील म्हणून तो आला होता आणि राजसिंहाने त्याला परत जाऊच दिले नव्हते. हा पाद्री पोर्तुगीजांचा हेर आहे, असे त्याने राजाच्या मनात भरवले.

कैद म्हणजे अंधारकोठडी नव्हती, पहाऱ्यातले एक घर होते. वाझ तिथे सिंहली शिकू लागले. अंगणात त्यांनी झापांची एक खोपी उभारली आणि तिथेच वेदी मांडली. शहरातले कॅथलिक आधी दुरून बघत, मग पहारेकऱ्यांशी संधान बांधून येऊ लागले. राजाचे हेर रोज काय होते ते कळवत होते आणि राजाला कळत गेले की हा माणूस कुठलेच पत्र लिहीत नाही, कोणाला भेटी पाठवत नाही, फक्त प्रार्थना करतो आणि व्याकरण शिकतो. पुढे एका दुष्काळात बौद्ध भिक्खूंच्या अनुष्ठानांनंतरही पाऊस पडला नाही, तेव्हा राजाने वाझ यांना विनंती केली. त्यांनी भर रस्त्यात वेदी मांडून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी कथा गोव्यात आणि श्रीलंकेत आजही श्रद्धेने सांगितली जाते. इतिहासाला दाखवता येते ते एवढे की राजाने त्यांना मोकळे केले, राज्यात कुठेही जाण्याची मुभा दिली आणि कँडीत चर्च बांधू दिले.

विमलधर्मसूर्याबद्दल थोडे थांबून सांगावेसे वाटते, कारण मिशनऱ्यांच्या चरित्रांत तो फक्त दयाळू राजा म्हणून येतो आणि निघून जातो. तो पक्का बौद्ध होता. त्याने बुद्धाच्या दंतधातूसाठी तीन मजली मंदिर बांधले. सिलोनमध्ये उपसंपदा, म्हणजे भिक्खूची पूर्ण दीक्षा, देण्याइतके भिक्खूच उरले नव्हते, म्हणून त्याने अराकानला वकील पाठवले आणि तिथून आलेल्या भिक्खूंच्या हातून १६९७ मध्ये महावैली नदीच्या काठी गेटंबे येथे उपसंपदा पुन्हा सुरू केली. आपला धर्म सावरण्याच्या त्याच वर्षांत तो एका गोवेकर पाद्र्याला चर्च बांधायला जागा देत होता. यात राजकारण होते. डचांचा शत्रू आणि तरीही पोर्तुगीज सत्तेचा नोकर नसलेला माणूस त्याला उपयोगी होता. पण हिशेबाने इतकी वर्षे माणूस सांभाळला जात नाही. राजाला साधुपुरुष ओळखता येत होता, असेच मी म्हणेन.

त्याच १६९७ साली कँडीत देवी आली. राजा शहर सोडून गेला, दरबारी पळाले. घरातले रोगी लोकांनी रानात नेऊन टाकले. वाझ आणि त्यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यु राहिले. कार्व्हाल्यु नुकतेच गोव्याहून आले होते, जुझे द मिनेझिस हेही त्याच सुमारास आले. वाझ आणि कार्व्हाल्यु यांनी रानात खोप्या बांधल्या, टाकलेली माणसे उचलून आणली, त्यांना धुतले, भरवले, मेलेल्यांना पुरले. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण हे पाहिले नाही. साथ ओसरायला जवळजवळ वर्ष लागले. दरबारातला विरोध त्यानंतर फार काळ उघड राहिला नाही.

इथून मिशनला आकार आला. गोव्याहून एकेक दोघे येत राहिले, सगळे ओरेटरीचे, सगळे गोवेकर. कोचीनच्या बिशपने वाझ यांना सिलोनचे व्हिकर जनरल केले. पोपचे दूत तुर्नों यांनी त्यांना बिशप करण्याचे सुचवले तेव्हा त्यांनी नकार दिला. त्यांनी बेटाचे विभाग पाडले आणि एकेका पाद्र्याला एकेक विभाग दिला. पण चारपाच पाद्री आणि इतके मोठे बेट, त्यात अर्ध्या भागात पकडले जाण्याची भीती. पाद्री एका गावात वर्षातून एकदा आला तरी पुष्कळ.

मग मधल्या दिवसांत गाव कोणी सांभाळायचे? या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले त्यातच या चर्चचे खरे बळ आहे. प्रत्येक गावात एक अण्णावी असे. लिहितावाचता येणारा, गावाचा विश्वास असलेला, लग्न झालेला संसारी माणूस. रविवारी तो लोकांना जमवून प्रार्थना सांगे, मुलांना धर्मप्रश्नोत्तरे घोकून घेई, मरणाऱ्याजवळ बसे, नवजात मूल दगावण्याची भीती असेल तर स्वतःच बाप्तिस्मा देई. पाद्री येण्याचा दिवस त्यालाच ठाऊक असे. डच शिपाई कोणत्या वाटेने येतायत हे कळवायची माणसे तोच पेरत असे. पाद्री आला की कोणाचे लग्न लावायचे, कोणाचे भांडण मिटवायचे, कोण पापनिवेदन टाळतोय याची यादी त्याच्या तोंडी असे. कोळीवाड्यांत मूप्पु म्हणजे वस्तीचा प्रमुखही या कामात असे. गावाच्या बोटींच्या उत्पन्नातून प्रार्थनागृहाचा खर्च चाले.

लोक त्यामुळे दुहेरी आयुष्य जगायला शिकले. मुलाचे नाव डच शाळेत घालायचे, डच धर्मोपदेशकाकडून बाप्तिस्मा करून वहीत नोंद करवायची, म्हणजे वारसा शाबूत राहतो. रात्री पाद्री आला की त्याच मुलाला त्याच्यापुढे आणायचे. डचांना हे कळत नव्हते असे नाही. पण त्यांची दालचिनी सोलण्यासाठी माणसांना कँडीच्या हद्दीत जावे लागे, आणि त्यासाठी दरवर्षी नजराणे घेऊन राजाकडे वकील पाठवावे लागत. राजाच्या कृपेतल्या पाद्र्याला फाशी देणे महाग पडले असते. दंड, फटके, छापे चालू राहिले. पण मुळावर घाव घालण्याची हिंमत कंपनीला फारशी झाली नाही.

वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. त्यांच्या काळी बेटावर ७०,००० कॅथलिक, १५ चर्च आणि ४०० प्रार्थनागृहे होती असे त्यांचे चरित्रकार लिहितात. गोव्याचेच ओरेटोरियन सेबास्तियांव दु रेगु यांनी लिहिलेले त्यांचे पहिले मोठे चरित्र १७४५ मध्ये लिस्बनला छापले गेले. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोच्या गॉल फेसवर त्यांना संत घोषित केले आणि त्याच दिवशी ते मधूला गेले. वाझ यांची कबर मात्र कँडीत कुठे होती ते आज दाखवता येत नाही.

कबर का नाहीशी झाली, याचे उत्तर पुढच्या पिढीत आहे. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोमे गोन्साल्विस सिलोनला आले तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. सिंहली शिकायला ते भिक्खूंच्या जवळ गेले, पुढच्या काळात त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये चाळीसच्या आसपास ग्रंथ लिहिले. त्यात शब्दकोश आहेत, बायबलच्या कथा सांगणारे देववेदपुराण आहे. तमिळमध्येही त्यांनी तेच पुराण लिहिले. स्टीफन्सच्या साष्टीपासून दिवाडी फार लांब नाही. ख्रिस्ताची कथा पुराण म्हणून सांगायची ही चाल गोन्साल्विसनी गोव्यातच पाहिलेली असणार. उपवासकाळासाठी त्यांनी १७२८ मध्ये दुःखप्राप्तिप्रसंगय ही दुःखसहनाची प्रवचनमाला सिंहलीत रचली. निगोंबोच्या किनाऱ्यावर या परंपरेतली पासन गीते अजून म्हटली जातात आणि दुवा गावात दुःखसहनाचे नाट्य अजून होते. डच धर्मोपदेशक तीच माणसे घेऊन जवळजवळ दीडशे वर्षे बसले, शाळा आणि छापखानाही त्यांच्याकडेच होता. पण घरात बसून म्हणावे असे गाणे गोन्साल्विसनी दिले. सिंहली गद्याचा इतिहास लिहिणारे अभ्यासकही त्यांना मान देतात, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

विमलधर्मसूर्यानंतर कँडीच्या गादीवर आलेल्या राजा नरेंद्रसिंहाचा त्यांच्यावर लोभ होता. पण गोन्साल्विसनी बौद्ध मताचे खंडन करणारे ग्रंथही लिहिले. कँडीत त्याच वेळी वेलिविट सरणंकर यांच्याभोवती बौद्ध शिक्षण पुन्हा उभे राहत होते. आश्रय देणाऱ्या राज्याच्या धर्मावरच लेखणी उचलणे हे मला शहाणपणाचे वाटत नाही. वाझ यांनी रोग्याची सेवा करून जे कमावले त्याला या वादाने धक्का बसला. नरेंद्रसिंह १७३९ मध्ये वारला, गोन्साल्विस १७४२ मध्ये बोलावत्तेला. पुढच्या राजाने, श्री विजय राजसिंहाने, काही वर्षांतच चर्च पाडली आणि पाद्र्यांना राज्याबाहेर काढले. कँडीतले वाझ यांचे चर्च त्यातच गेले. वाहकोट्टेसारखी दूरची गावे तेवढी टिकली.

आता पाद्र्यांना राजाचा आसरा नव्हता आणि डच समोर होते. तरी मिशन बुडाले नाही, कारण गावांतले अण्णावी होते. मधल्या पन्नास वर्षांत लिहिण्यासारखे मोठे प्रसंग थोडे, पण दरवर्षी कोणीतरी गोवेकर पाद्री कुठल्यातरी किनाऱ्यावर उतरत राहिला. १७९६ मध्ये इंग्रजांनी डचांचा मुलूख घेतला आणि १८०६ मध्ये गव्हर्नर मेटलंड यांनी कॅथलिकांवरची बंधने उठवली. खुद्द इंग्लंडमध्ये कॅथलिकांना मोकळीक मिळाली ती १८२९ मध्ये. सक्ती उठली तेव्हा डच चर्चच्या वह्यांतली कागदोपत्री लाखांची संख्या विरघळून गेली. लोक ज्याचे होते त्याच्याकडे परतले. काही कॅथलिकांत दिसले, पुष्कळसे आपल्या देवळांत आणि विहारांत.

मिशनला मारणारा घाव मात्र लिस्बनहून आला. १८३४ मध्ये पोर्तुगालने सगळे धर्मसंघ बरखास्त केले आणि गोव्याची ओरेटरीही त्यात गेली. क्रूस द मिलाग्रिशचा मठ ओसाड पडला, आज तिथे भग्नावशेष आहेत. नवीन पाद्री यायचे बंद झाले. त्याच १८३४ मध्ये रोमने सिलोन कोचीनपासून वेगळे काढून तिथे व्हिकर अपोस्टोलिक नेमायचे ठरवले. पहिले विसेंति दु रुझारियु दियश आणि दुसरे काएतानु आंतोनिउ, दोघेही गोवेकर ओरेटोरियनच. पण मग इटलीचे सिल्व्हेस्ट्राइन आणि फ्रान्सचे ऑब्लेट या धर्मसंघांचे पाद्री आले. त्यांनी शाळा काढल्या, कॉलेजे काढली, हिशेब नीट ठेवले. आणि ज्यांनी दीडशे वर्षे हे चर्च जिवंत ठेवले त्या गोवेकरांना त्यांनी आपल्या अहवालांतून अडाणी आणि ढिले ठरवले.

लोकांनी ते मुकाट्याने घेतले नाही. मन्नार आणि निगोंबोकडच्या काही गावांनी युरोपीय पाद्री नको, गोव्याचेच पाहिजेत असा हट्ट धरला. १८८६ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्या करारात ही गावे पाद्रोआदोकडून काढून घेतली गेली तेव्हा काहींनी रोमशीच नाते तोडले. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते आंतोनिउ फ्रान्सिस्कु शाविएर आल्व्हारिश, एक गोवेकर पाद्री. १८८९ मध्ये केरळातल्या मलंकर सिरियन बिशपांकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि जूलियस पहिले या नावाने ते सिलोन, गोवा आणि भारताचे मेट्रोपॉलिटन झाले. रोमने त्यांना बहिष्कृत केले, पोर्तुगीज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. चळवळ हळूहळू मावळली, गावे एकेक करून परत रोमच्या छायेत गेली. आल्व्हारिश शेवटची वर्षे पणजीत राहिले. तिथे ते कुष्ठरोग्यांची आणि निराधारांची सेवा करत, त्यांच्यासाठी दारोदार पैसे मागत. १९२३ मध्ये ते वारले. ज्या शहरातल्या चर्चने त्यांना बाहेर काढले होते तिथले हजारो लोक, कॅथलिकही, त्यांच्या अंत्ययात्रेला आले.